चालायला लागला का?

मूल दहा महिन्यांचं झालं, की घरात येणारा पाहुणा चपला काढता काढताच विचारतो, "काय, चालायला लागला का?" त्यात वाईट काही नसतं, आपुलकीच असते. पण अशा वेळी आईचा चेहरा बघावा. मूल चालायला लागलं असेल तर ती खुलते. नसेल तर लगेच सफाई द्यायला लागते. "धरून चालतो हो… जरा गुटगुटीत आहे ना, म्हणून वेळ लागतोय." आणि मग पाहुणा हमखास सांगणार, आमची चिमी तर नवव्या महिन्यातच घरभर पळत होती!

चालणं झालं की बोलणं. बोलणं झालं की शी-शू सांगणं. मग रंगांची नावं, एबीसीडी, शंभरपर्यंत आकडे… मूल एक आणि परीक्षक पन्नास.

मी नर्स. नोकरीची बहुतेक वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात गेली. एक ते सहा वर्षांची मुलं म्हणजे माझा रोजचा विषय. आमच्या पुस्तकात या वयाचे दोन भाग असतात. एक ते तीन वर्षांचं मूल 'टॉडलर' आणि तीन ते सहाचं 'प्रीस्कूलर'. आपल्या भाषेत सांगायचं तर एक दुडूदुडू धावणारं आणि दुसरं "का? का?" विचारून भंडावून सोडणारं. या दोन्ही वयांच्या वाढीचे टप्पे आम्हाला पाठच करावे लागत. अमुक महिन्याला बसतं, अमुक महिन्याला उभं राहतं, अमुक वर्षी तीनचाकी सायकल चालवतं. बाहेर मात्र बहुतेकांना हे टप्पे म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक वाटतं. गाडी वेळेवर आहे की लेट, एवढंच बघायचं.

माझं मत आधीच सांगून टाकते. हे टप्पे आपल्याला मुलाकडे नीट बघता यावं म्हणून आहेत. आपण मात्र त्यांचा उपयोग दोनच कामांसाठी करतो. एक तर दुसऱ्याच्या मुलाशी तुलना करायची, नाहीतर "होईल हळूहळू" म्हणून विषय मिटवायचा. या दोन्हींत मुलाकडे बघायचं राहूनच जातं. आणि त्याचा भुर्दंड पडतो तो मुलाला.

आधी तुलनेबद्दल बोलू.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात पाच देशांतल्या मुलांच्या हालचालींचा अभ्यास केला. घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपला भारत. आपल्याकडची मुलं दिल्लीची होती. एकूण ८१६ मुलं. शिकवून तयार केलेली माणसं मुलांच्या घरी पुन्हा पुन्हा जाऊन बघत होती, की मूल आज काय करतंय. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ते आकडे प्रत्येक आजी-आजोबांना वाचून दाखवावेत असे आहेत.

आधाराशिवाय बसणं ३.८ महिन्यांपासून ९.२ महिन्यांपर्यंत कधीही. आधाराशिवाय चालणं ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत कधीही. म्हणजे बघा, शंभरातलं अगदी पहिलं आणि अगदी शेवटचं मूल सोडलं, तर बाकीची सगळी या नऊ-साडेनऊ महिन्यांच्या अंतरात कधीतरी चालायला लागली, आणि ती सगळी निरोगी होती. नवव्या महिन्यात पळणारी चिमी आणि सतराव्या महिन्यात पहिलं पाऊल टाकणारा बंड्या, दोघंही ठणठणीत. आणखी एक गंमत. शंभरातली साधारण चार मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत! बसली, उभी राहिली आणि थेट चालायला लागली.

हे कळल्यावर घाई करण्यात काही अर्थ उरतो का? पण घाई आपली सुटत नाही. वॉकर आणला जातो. प्लॅस्टिकचा, गोल, खाली चाकं असलेला, मधे मूल अडकवायचं. आपल्या जुन्या लाकडी पांगुळगाड्याशी त्याची गल्लत करू नका. पांगुळगाड्यात मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून गाडा ढकलतं. वॉकरमध्ये ते लोंबकळतं आणि बोटांच्या टोकांनी जमीन ढकलतं. त्याने मूल लवकर चालत नाही. उलट जिन्यावरून, उंबऱ्यावरून गडगडतं, नाहीतर एरवी हात पोहोचला नसता अशा गरम चहाच्या कपापर्यंत पोहोचतं. कॅनडाने २००४ साली या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे तो आजही बारशाला भेट म्हणून येतो.

सातमाशा मुलांवर तर या तुलनेचा फार अन्याय होतो. जे मूल दोन महिने आधी जन्मलं, त्याच्या वयातून ते दोन महिने वजा करून टप्पे बघायचे असतात, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत. म्हणजे दहा महिन्यांच्या सातमाशा मुलाकडून आठ महिन्यांच्या मुलाएवढीच अपेक्षा ठेवायची. हे साधं गणित कुणी समजावून सांगत नाही, आणि बिचारी आई शेजारणीच्या मुलाकडे बघून झुरत बसते.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, स्वस्थ बसायचं? मूल आपोआप सगळं शिकतं म्हणायचं?

नाही ना! नेमका इथेच दुसरा घोटाळा होतो.

आमच्या वॉर्डात एकदा साडेतीन वर्षांचा एक मुलगा न्युमोनियासाठी दाखल झाला होता. गोरागोमटा, हसरा, कुणालाही आवडेल असा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशींच्या हातून स्टीलचा मोठा ट्रे पडला. असा काही आवाज झाला की सगळी मुलं दचकली, दोघं-तिघं रडायलाच लागली. हा पाठमोरा बसून खेळण्यातल्या गाडीची चाकं फिरवत होता. मानसुद्धा वळवली नाही. ड्यूटीवरच्या सिस्टरने ते टिपलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "लाडावलाय. ऐकून न ऐकल्यासारखं करतो." बोलतो का? "नाही अजून. याचे वडीलही उशिराच बोलले म्हणे."

पुढे कानाची बेरा टेस्ट झाली. दोन्ही कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं. जन्मापासूनच.

या मुलाच्या सगळ्या लसी वेळेवर झालेल्या होत्या. वजनं लिहिलेली होती. घरात माया होती, आजी-आजोबा होते, सगळे त्याच्याशी बोलत होते. साडेतीन वर्षांत त्याला बघितलेल्या माणसांची संख्या काही कमी नव्हती. पण हा कशाला दचकतो, हाक मारली तर वळतो का, हे बघितलं नव्हतं कुणी. "होईल हळूहळू", "मुलगे उशिराच बोलतात", "आइनस्टाइनसुद्धा उशिरा बोलला होता"… प्रत्येकाने प्रेमानेच धीर दिला, आणि त्या धीरात तीन वर्षं गेली. पुढे त्याला श्रवणयंत्र मिळालं, वाचा-उपचार सुरू झाले. पण कान आणि भाषा यांची गाठ पडण्याचे सगळ्यात चांगले दिवस पहिल्या दोन-तीन वर्षांत असतात. ते काही परत मिळत नाहीत.

म्हणून काही गोष्टींत थांबायचं नसतं. त्या इथे लिहूनच ठेवते. वर्षाचं झालं तरी मूल बा-बा, दा-दा असं काही बोलत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल. दीड वर्ष उलटूनही पाऊल टाकलं नसेल. दोन वर्षांचं झालं तरी "पाणी दे", "बाबा गेले" असे दोन शब्द जोडत नसेल. नजरेला नजर देत नसेल, हाकेला वळत नसेल. एक हात किंवा एक पाय सतत मागे ठेवत असेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी येत असलेली एखादी गोष्ट, मग ती बोलण्याची असो, खेळण्याची असो की चालण्याची, विसरायला लागलं असेल. ही शेवटची गोष्ट तर कुठल्याही वयात दिसली तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायचं. यातली एखादी खूण दिसली म्हणजे मुलाला आजार आहेच असं नाही. कित्येकदा तपासून काहीच निघत नाही आणि सगळे हसत घरी जातात. पण तपासायचं मात्र नक्की.

अमेरिकेच्या सीडीसीने २०२२ साली आपला तक्ता बदलला, तो याच कारणाने. पूर्वी तिथे सरासरी वय धरलं जायचं, म्हणजे ज्या वयाला निम्मी मुलं एखादी गोष्ट करतात ते वय. आता निम्मी मुलं ते करतच नसतील, तर डॉक्टर काय सांगणार? "थांबा, बघू." आणि थांबण्यात खरोखर अडचणीत असलेलं मूलही मागे राहायचं. म्हणून आता चारातली तीन मुलं जे करतात ते वय धरलं. आणि रांगणं यादीतून काढूनच टाकलं. म्हणजे उगीच घाबरणारी आई शांत झाली आणि उगीच शांत बसणारी जागी झाली. तक्ता असावा तर असा.

आपल्याकडेही या कामाची चांगली परंपरा आहे, आपल्याला माहीत नसते एवढंच. परदेशी मुलांची मापं आपल्या मुलांना लावायची नाहीत, या विचारातून बडोद्याला प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांची मोजपट्टी तयार केली. ती १९७० ची, आणि १९९७ साली सुधारलेली. आजही मोठ्या रुग्णालयांत तज्ज्ञ तीच वापरतात. आणि १९९१ साली तिरुअनंतपुरमच्या बालविकास केंद्राने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एक छोटासा तक्ता काढला. फक्त सतरा गोष्टी! मुलाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलीच्या डावीकडची एखादी गोष्ट मूल करत नसेल, तर त्याला पुढे पाठवायचं. झालं. हे करायला मोठं शिक्षण लागत नाही, यंत्र लागत नाही. पाच-सात मिनिटं आणि मुलावर लक्ष, एवढं पुरतं.

आणि घरातल्या घरात बघायचं म्हणाल तर प्रत्येकाकडे एक साधन आहेच. माता व बाल संरक्षण कार्ड. २०१० पासून देशभर हे कार्ड मिळतं. त्यात मुलाने कुठल्या महिन्याला काय करावं याची चित्रं आहेत, अगदी तीन वर्षांपर्यंतची. मी शेकडो कार्डं हाताळली. लसींचं पान मळून, दुमडून चोथा झालेलं, आणि चित्रांचं पान करकरीत कोरं. कुणी उघडलेलंच नाही. लस टोचली, तारीख पडली, कार्ड पिशवीत गेलं.

लसींवरून आठवलं. सरकारी वेळापत्रकात सोळा ते चोवीस महिन्यांच्या मधला बूस्टर झाला की पुढचं इंजेक्शन थेट पाच-सहा वर्षांचं. मधे दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा डोस तेवढा असतो. तो चमच्याने पाजला की आई निघाली. म्हणजे दोन ते पाच या वयात निरोगी मुलाला दवाखान्यात न्यायचं काही कारणच उरत नाही. आणि नेमक्या याच वर्षांत मूल वाक्यं बोलायला लागतं, इतर मुलांत मिसळायला लागतं, गोष्ट सांगायला लागतं. ते मिसळत नाहीये, त्याचं बोलणं घराबाहेरच्या माणसाला कळत नाहीये, हे दिसायचं वय हेच. आणि याच वयात त्याला बघणारं कुणी नाही.

कुणी नाही असं कसं म्हणू? अंगणवाडीच्या ताई आहेत की.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची साधी कल्पना. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना आली, ती ३३ प्रकल्पांपासून, आणि 'अंगणवाडी' हे नाव देशभर गेलं. कोसबाड आज पालघर जिल्ह्यात येतं. आणि योगायोग बघा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातही फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरलाच झाली, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं. या कार्यक्रमात डॉक्टर, नर्स आणि औषधनिर्माता यांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. जन्मजात दोष, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता आणि विकासातला उशीर, हे सगळं. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र.

कागदावर हे उत्तम आहे, आणि जिथे नीट चालतं तिथे खरोखर मुलं वाचतात. पण वर्षातून दोन दिवस येणाऱ्या पथकासमोर तीस-चाळीस मुलांची रांग असते. त्या घाईत लाजाळू मूल आणि न ऐकू येणारं मूल सारखंच गप्प दिसतं. फरक कळतो तो रोज बघणाऱ्याला. आणि रोज बघणाऱ्या ताईंना आपण काय काम देतो? आहार वाटा, वजन घ्या, रजिस्टर भरा, मोबाईलवर माहिती चढवा, सर्वेक्षणाला जा. मुलासोबत जमिनीवर बसायला तिला वेळच उरत नाही. शहरातल्या प्लेग्रुपमध्ये वेगळीच तऱ्हा. तिथे टीचरला वेळ आहे, पण स्नेहसंमेलन आणि वर्कशीटमध्ये तो जातो. पालकांना फी देऊन एबीसीडी हवी असते. "तुमचा मुलगा डब्यातलं काही चावत नाही, मुलांकडे बघत नाही, एकदा दाखवून घ्या," असं सांगणारी टीचर पालकांना आगाऊ वाटते! एका बालवाडीच्या बाईंनी मला सांगितलं होतं, की असं एकदा सांगितल्यावर त्या घराने मूलच काढून दुसरीकडे घातलं. मग कोण बोलेल पुढच्या वेळी?

आता हे टप्पे वॉर्डात कसे उपयोगी पडतात ते सांगते. आम्हा नर्स मंडळींना ते पाठ करायला लावतात, ते काही परीक्षेपुरतं नाही.

दोन वर्षांच्या मुलाचा सगळ्यात आवडता शब्द कुठला? "नाही." घरचे म्हणतात हट्टी झालाय. खरं तर ती वाढीची खूण आहे. मी वेगळा, माझं मन वेगळं, हे त्याला नुकतंच कळलेलं असतं. अशा मुलाला "औषध घेतोस का?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं. म्हणून विचारायचं, "चमच्याने घेणार की कपाने?" इंजेक्शनला, "या हाताला देऊ की त्या?" त्याला निवडायला मिळालं की निम्मी लढाई संपते. चार वर्षांच्या मुलाचं वेगळं. त्याची कल्पनाशक्ती जोरात असते. आपण खोटं बोललो, भावाला मारलं, म्हणून आपण आजारी पडलो असं ते मनाशी धरून बसतं. सुई टोचली की त्या भोकातून आपलं सगळं रक्त वाहून जाईल असंही त्याला वाटू शकतं. म्हणून त्याला पट्टी हवीच असते, थेंबभर रक्त असलं तरी. ती चार पैशांची पट्टी लावायला कंटाळणारी नर्स आपलंच काम अवघड करून घेते.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. "गप बस, नाहीतर सिस्टर सुई टोचेल" असं मुलांना म्हणू नका हो! उद्या तेच मूल तापाने फणफणून आमच्याकडे येतं, आणि मी नुसती थर्मामीटर घेऊन गेले तरी किंचाळतं. त्या वयात त्याचा शब्दावर पूर्ण विश्वास असतो. सुई ही शिक्षा आहे, असं तुम्हीच तर सांगितलेलं असतं.

आणि आई जवळ असण्याबद्दल. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली लंडनमध्ये एक फिल्म काढली होती, रुग्णालयात आठ दिवस राहिलेल्या अडीच वर्षांच्या एका मुलीची. त्या काळी तिकडे आईला वॉर्डात राहू देत नसत. अशी मुलं आधी रडतात, मग खचून गप्प होतात, आणि शेवटी आईकडे बघतही नाहीत, हे त्यांनी दाखवलं. गप्प झालेल्या मुलाला तिथल्या नर्सेस "रुळलं" असं म्हणायच्या. अशा अभ्यासांचा परिणाम म्हणून १९५९ साली इंग्लंडमध्ये प्लॅट समितीने मुलांना भेटण्यावरचे निर्बंध उठवायची शिफारस केली. आपल्याकडच्या साध्या वॉर्डात आई खाटेखाली चटई टाकून झोपतेच, ते आपलं नशीब. पण अतिदक्षता विभागात तिला बाहेर बसवतात, आणि आत गप्प पडलेल्या तीन वर्षांच्या मुलाबद्दल आपण म्हणतो, "गुणी आहे हो, मुळीच त्रास देत नाही." या वयाचं मूल मुळीच त्रास देत नसेल, तर ती काळजी करण्याची गोष्ट आहे. तसंच घरी गेल्यावर ते पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं, बाटली मागायला लागलं, तर त्याला लाज वाटायला लावू नका. आजारपणात मूल एक पायरी खाली उतरतं, बरं वाटलं की बहुतेक वेळा आपलं आपण चढतं.

घरातही तेच. "काही खात नाही" ही दीड ते तीन वर्षांच्या आयांची कायमची तक्रार. अहो, पहिल्या वर्षात जन्माचं वजन तिप्पट होतं आणि चौपट व्हायला अडीच वर्षं लागतात. वाढच मंदावते, तर भूक तेवढीच कशी राहील? पण हे माहीत नसल्याने मोबाईल दाखवत दाखवत घास कोंबले जातात, नाहीतर जेवत नाही म्हणून बाटली-बाटली दूध पाजलं जातं. दुधात लोह जवळजवळ नसतंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांनुसार आपल्या देशात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत ६७.१ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. रक्त कमी असलेलं मूल मलूल असतं, खेळत नाही, शिकायलाही मागे पडतं. आणि घरात त्याला "शांत स्वभावाचा" म्हणतात.

टप्पा बदलला की घरही बदलावं लागतं. मूल चढायला शिकलं की औषधं वरच्या कपाटात. झाकण फिरवायला शिकलं की फिनाईल आणि रॉकेल कुलपात, आणि पाण्याच्या बाटलीत तर कधीच नाही. धावता धावता खायला लागलं की शेंगदाणे, फुटाणे बंद. बाथरूममधली भरलेली बादलीसुद्धा नुकत्याच उभं राहायला शिकलेल्या मुलाला पुरेशी धोक्याची असते. अपघात विभागात येणारी बरीच मुलं अशीच येतात. ते काल जे करू शकत नव्हतं ते आज करू शकतं, हे घराला कळलेलं नसतं.

आपल्याकडे म्हणतात, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. म्हण खरी आहे, पण पाळण्यात कुणीतरी वाकून बघावं लागतं. बघायचं म्हणजे काय, तर रोज दहा-पंधरा मिनिटं मोबाईल बाजूला ठेवून मुलाच्या उंचीवर, जमिनीवर बसायचं. काही शिकवायचं नाही. ते काय करतंय ते बघायचं. कुठल्या हाताने उचलतं, हाकेला कसं वळतं, हवं ते कसं मागतं, पडल्यावर कुणाकडे बघतं. महिन्यातून एकदा ते कार्ड काढून चित्रांशी ताडून बघायचं. शंका आली तर शेजारणीला न विचारता नर्सला, आशाताईंना, डॉक्टरांना विचारायचं. आणि डॉक्टरही घाईत "होईल हळूहळू" म्हणाले, तर शांतपणे म्हणायचं, "एकदा तपासून द्या." आईला वाटणारी शंका बऱ्याचदा खरी निघते, हे मी वॉर्डात पाहिलेलं आहे.

आणि अंगणवाडीच्या ताईंकडून किंवा प्लेग्रुपच्या टीचरकडून कधी निरोप आला, की "मुलाबद्दल जरा बोलायचं होतं," तर कपाळाला आठी घालू नका. बसून ऐकून घ्या. दिवसभर इतकी मुलं सांभाळून तिने तुमच्या मुलाकडे नीट बघितलंय, एवढं तरी त्यातून नक्की कळतं.